पुण्याचा मैला आणि आपली सरी

उजनी धरणाच्या फुगवट्याला उन्हाळ्यात हिरवा रंग चढला की आमच्या भागात एकच वाक्य फिरतं: पुण्यानं घाण केली. पारावर, सोसायटीच्या ओट्यावर, कारखान्याच्या काट्यावर ट्रॅक्टर उभे असताना, अगदी लग्नाच्या पंगतीतसुद्धा. वाक्य संपलं की विषयही संपतो. त्यापुढे कुणी ‘आपल्या रानातलंही थोडं जात असेल की’ असं म्हणालं, तर भावकीच्या वाटणीत परक्याच्या बाजूनं साक्ष दिल्यासारखं त्याच्याकडे बघतात. ती साक्ष मी बरेच दिवस तोंडी देत आलोय. आज लिहून देतो.

पुण्याचा गुन्हा मी कमी करून सांगणार नाही. उलट आकड्यात मांडतो, कारण आमच्या भाषणांत तो आकड्यात कधी येत नाही. पाणी हिरवं करणारं शेवाळ स्फुरदावर, म्हणजे फॉस्फरसवर, माजतं. माणसाच्या मलमूत्रातून रोज साधारण एक ग्रॅम स्फुरद बाहेर पडतो. २०११च्या जनगणनेत पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन शहरांची मिळून लोकसंख्या ४८ लाखांच्या घरात होती. म्हणजे रोजचा जवळपास पाच टन स्फुरद. यात साबण धरलेला नाही, कारखाने नाहीत आणि २०११नंतर वाढलेली माणसंही नाहीत. आता धरणाकडे या. उजनीची एकूण क्षमता ११७ टीएमसी. तलावाच्या पाण्यात लिटरमागे सरासरी ३५ मायक्रोग्रॅमच्या पुढे स्फुरद गेला की शेवाळ माजायला तेवढा पुरतो, असं ढोबळ माप आहे. काठोकाठ भरलेली उजनी त्या रेषेला न्यायला सुमारे ११६ टन स्फुरद लागेल. दोन्ही शहरांचा मैला जसाच्या तसा आला तर हे २४ दिवसांचं काम. प्रत्यक्षात काही मैला शुद्ध होतो, काही स्फुरद वाटेतल्या गाळात बसतो, धरणातून पाणी पुढेही जातं. पण गुन्ह्याचा आकार कळायला हा हिशोब पुरे. हा मैला उजनीकडे नेणाऱ्या मुळा-मुठेच्या सफाईसाठी जपानकडून कर्ज घेऊन ९९० कोटींचा, ११ मैलाशुद्धीकरण केंद्रांचा प्रकल्प २०१६च्या जानेवारीत ठरला. तेव्हापासून किती उन्हाळे गेले ते ज्यानं त्यानं बोटावर मोजावं.

तर पुणे दोषी. मग?

शेजाऱ्यानं बांध कोरला म्हणून आपण कोरलेला बांध सरळ होत नाही, हे तलाठ्यासमोर उभं राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पाण्याच्या बाबतीत मात्र आपण अगदी हाच युक्तिवाद करतो आणि वर त्याला शेतकऱ्याची बाजू म्हणतो.

आता आपला हिशोब. डीएपीची ५० किलोची गोणी घ्या. गोणीवर ४६ टक्के लिहिलेलं असतं ते ऑक्साईडच्या रूपात. मूळ स्फुरद काढला तर गोणीत १० किलो भरतो. त्यातला एक किलो, म्हणजे गोणीचा दहावा हिस्सा, सुमारे दोन कोटी ८५ लाख लिटर पाणी त्या ३५ मायक्रोग्रॅमच्या रेषेला नेतो. सुरू उसाला कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ किलो स्फुरद, ११५ किलो पालाश अशी आहे. हे ११५ किलो म्हणजे पाच गोण्या डीएपी, म्हणजेच ५० किलो मूळ स्फुरद. त्यातला दोन टक्के ओढ्याला गेला तर तो बरोबर एक किलो. आडसालीची शिफारस १७० किलोची, तिथं दोन टक्के म्हणजे दीड किलो. आणि शिफारशीवर थांबणारा ऊस उत्पादक मला दाखवा, मी त्याचा सत्कार करतो.

या आकड्यांवर आमच्याकडे येणारं पहिलं उत्तर असं, की आपली जमीन काळी, चुनखडीची. ती स्फुरद धरून ठेवते, सोडत नाही. हे अर्धं खरं आहे आणि म्हणूनच जास्त फसवं आहे. काळी माती स्फुरद धरते खरी. पण मातीला कोण धरतं? परतीच्या पावसात एका रात्रीत ७०-८० मिलिमीटर कोसळला की सकाळी ओढा चहाच्या रंगाचा का असतो? तो रंग म्हणजे वरच्या थराची सगळ्यात बारीक माती. स्फुरद तिलाच सगळ्यात घट्ट चिकटून बसलेला असतो. जमीन स्फुरद सोडत नाही, ती स्वतःच त्याला घेऊन निघून जाते. पुढे फुगवट्यात ती तळाला बसते. उन्हाळ्यात तळाशी प्राणवायू संपला की तोच स्फुरद तिथून सुटून पाण्यात येतो. शिवाय बसलेला गाळ धरणाची जागा खातो ते वेगळंच. ११७ टीएमसीपैकी ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा आहे. बऱ्याच उन्हाळ्यांत ‘उजनी मायनसमध्ये गेली’ असं आपण म्हणतो ते या मृतसाठ्यात हात घातल्याबद्दल. तेव्हा उरतं ते थोडं, संथ, तापलेलं पाणी. शेवाळाला याहून चांगलं रान कुठलं?

दुसरं उत्तर जास्त हुशार माणसं देतात. आधी पुणं थांबवा, मग आमच्याकडे या. ऐकायला हे न्यायाचं वाटतं. अमेरिका आणि कॅनडाच्या मधल्या ईरी सरोवराच्या काठी हा क्रम पाळून झालेला आहे. त्याचं काय झालं ते बघावं.

१९६०च्या दशकात ईरी मेलं असं वर्तमानपत्रं लिहीत होती. शहरांचा मैला आणि धुण्याच्या साबणातला फॉस्फेट ही कारणं पुढे आली, तेव्हा साबणवाल्यांनी आपल्या गावातल्यासारखंच केलं: दोष दुसऱ्याचा आहे, शेवाळ कार्बनमुळे वाढतं. मग १९७३ साली कॅनडातल्या ओंटारियोत शास्त्रज्ञांनी एक छोटं तळं मधोमध पडदा टाकून दोन भागांत तोडलं. एका बाजूला कार्बन आणि नत्र सोडलं, दुसऱ्या बाजूला तेच आणि वर स्फुरद. स्फुरदाची बाजू हिरवीगार झाली, दुसरी नितळ राहिली. विमानातून काढलेला तो फोटो पुढे जगभर फिरला. दोन्ही देशांनी १९७२ मध्ये करार केलाच होता. शहरांनी मैल्यातला स्फुरद काढला, साबणातला बंद झाला आणि १९८०च्या दशकात ईरी खरोखर सुधारलं.

आणि १९९०च्या मध्यापासून पुन्हा हिरवं व्हायला लागलं. या वेळी शहरं हजर नव्हती. मॉमी नावाची नदी मका आणि सोयाबीनच्या सपाट रानांतून येऊन सरोवराच्या पश्चिम टोकाला मिळते. तिच्या पाण्यातल्या स्फुरदाचा बहुतांश भार खोऱ्यातल्या शेतांतून येत होता. हेक्टरी किती? वर्षाला साधारण एक ते दीड किलो. २०१४च्या ऑगस्टमध्ये काठावरच्या टोलेडो शहराच्या नळाच्या पाण्यात शेवाळाचं विष सापडलं आणि चार लाखांहून अधिक लोकांना जवळपास तीन दिवस नळाचं पाणी पिऊ नका म्हणून सांगावं लागलं. उकळूनही पिऊ नका, असं बजावलं होतं, कारण उकळल्यानं हे विष जात नाही. पाणी आटतं आणि ते उलट दाट होतं. उजनीच्या पाण्यात तेच विष आहे असं मी म्हणत नाही. पण ‘उकळून घेतो की आम्ही’ हे आपलं ठेवणीतलं उत्तर सगळीकडे चालत नाही एवढं लक्षात ठेवावं.

म्हणजे ज्यांनी ‘आधी शहर’ हा क्रम प्रामाणिकपणे पाळला, त्यांना २० वर्षांनी शेताशीच यावं लागलं. आपलं शहर तर अजून पहिल्याच पायरीवर अडखळतंय. त्याची वाट बघत बसायचं म्हणजे ओढ्याच्या पुराला दुपारपर्यंत थांब म्हणण्यासारखं आहे.

आता तिसरा आक्षेप, जो मला खरा आक्षेप वाटतो: खत कमी केलं तर टनेज पडेल. इथं शहरी पर्यावरणवाले आणि आमचे लोक दोघंही एकच चूक करतात. दोघंही समजतात की प्रश्न खत किती टाकायचं याचा आहे. तो मुख्यतः कुठं आणि कधी टाकायचं याचा आहे.

सुरू उसाचंच घ्या. जानेवारी-फेब्रुवारीत लागण. स्फुरद आणि पालाश निम्मं लागणीला, निम्मं मोठ्या बांधणीला. मोठी बांधणी येते कधी? साडेचार-पाच महिन्यांनी, म्हणजे जूनमध्ये. वर्षातला निम्मा स्फुरद आपण बरोबर मृगाच्या तोंडावर रानात नेतो. खत सरीत पडलं, मागोमाग नांगर किंवा पॉवर टिलर फिरला आणि माती वर चढली तर काही बिघडत नाही, ते गाडलं गेलं. पण खत आज टाकलं आणि यंत्रवाला परवा येतो म्हणाला, मधल्या रात्री वळीव झाला, की झालं. सरी म्हणजे तयार गटारच. ती खताला ओढ्यापर्यंत पोचवून देते. खत आणि बांधणी एकाच दिवशी, यंत्रवाला आल्यावरच गोणी फोडायची, एवढ्या शिस्तीनं टनेज कसं पडतं ते मला कुणी समजावून सांगावं.

खोडव्याला तर आपल्याच शास्त्रज्ञांनी आपल्याच अवजारानं उत्तर दिलेलं आहे. बुडख्यापासून थोड्या अंतरावर पहारीनं भोक पाडा, खत आत टाका, मातीनं बुजवा. परदेशी यंत्र नको की ॲप नको. घरात कोपऱ्याला टेकून ठेवलेली पहार. पाचट न जाळता सरीत पसरलेलं असेल तर त्याच्यातूनही ती आत जाते. तरी खोडव्यात खत फेकून देणारेच जास्त का दिसतात? मजुरी. पहारीला दोन माणसं दिवसभर लागतात, फेकायला एक माणूस तासभर. हे खरं कारण आहे आणि ते तोंडानं कबूल केलं पाहिजे. काळी माती स्फुरद धरते वगैरे नंतर जोडलेलं शास्त्र आहे.

जिरायतीत हीच गोष्ट दुचाड्या पाभरीनं केव्हाची सोडवलेली होती. एका चाड्यातून बी, दुसऱ्यातून खत, दोन्ही मातीच्या आत. पाभर माळ्यावर गेली आणि ढग बघून युरिया फेकायची रीत आली. पाऊस येणार असेल त्या दिवशी टाकलं की लगेच लागू होतं म्हणे. अलगद पाऊस आला तर होतंही. धो-धो आला तर शेजारच्याला लागू होतं, किंवा धरणाला. अमेरिकेतल्या ओहायो राज्यानं २०१५ साली ईरीच्या पश्चिम खोऱ्यापुरता कायदाच केला: जमीन पाण्यानं तुडुंब असताना खत टाकायचं नाही आणि १२ तासांत इंचभर पाऊस पडण्याची शक्यता निम्म्याहून जास्त वर्तवली असेल तर दाणेदार खत उघड्यावर टाकायचं नाही. मातीत गाडत असाल तर मोकळीक. आपल्याकडे असा कायदा आला तर पहिला मोर्चा मीच काढीन, कारण तो अंमलात आणायला जो माणूस येईल त्याचा दर मला माहीत आहे. पण कायद्यातली अक्कल घ्यायला मोर्चाची अडचण नाही.

आणि बांध. याबद्दल आमच्याकडे कुणी बोलत नाही, कारण सगळ्यांचेच हात त्यात आहेत. आमच्या रानाच्या ओढ्याकडच्या बाजूला आजोबांच्या काळात बैलगाडी जाईल एवढा बांध होता. त्यावर पवना, मारवेल, दोन बाभळी. वडिलांनी एक सरी वाढवली. मी दोन. आज तिथून सायकल नेताना तोल जातो. त्या तीन सऱ्यांतून वर्षाला टनभर ऊस जास्त निघत असेल आणि त्या बदल्यात सगळ्या रानाचं पाणी अडवणारी, गाळून सोडणारी गवताची पट्टी मी विकून टाकली. गवत काय करतं ते समजायला प्रयोगशाळा नको. पावसात छत्री घेऊन ओढ्यावर जावं आणि गवतातून झिरपून येणारं पाणी आणि मोकळ्या सरीतून येणारं पाणी दोन तांब्यांत भरून शेजारी ठेवावं. पट्टी विरघळलेलं सगळं अडवत नाही, पण माती अडवते. आपला स्फुरद तर मातीच्याच पाठीवर बसून जातो, हे वर आलंच.

गाळपेरीचं तर नावच काढू नये इतकी ती सोयीची आहे. पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळात पेरायचं. जमीन फुकट, ओल फुकट. त्या गाळात मुळात खताची गरज कमीच. तरीही गोणी जाते. तिथं टाकलेल्या खताला ओढा लागत नाही की पाऊस लागत नाही. ऑगस्टमध्ये धरणच चढत चढत त्याच्याकडे येतं. फुगवट्यातल्या गाळपेरीला रासायनिक खत नको, हा एक नियम मला विनाअट मान्य आहे.

इथपर्यंत वाचून सेंद्रियवाली मंडळी खुश झाली असतील, तर त्यांचंही थोडं बघू. स्फुरदाला जात नसते. ओढ्याच्या काठावर पावसाळाभर उघडा पडलेला उकिरडा, कोंबडीखताचा ढीग, गोठ्याचं धुण्याचं पाणी यातून जाणारा स्फुरद तलावाला डीएपीइतकाच गोड लागतो. कोंबडीखत नत्राच्या हिशोबानं टाकलं तर स्फुरद गरजेपेक्षा कितीतरी जास्त पडतो. सेंद्रिय शेतीचा फलक लावून ओढ्यावर उकिरडा ठेवणारा माणूस आणि डीएपी फेकणारा माणूस, दोघांमध्ये धरण फरक करत नाही.

एकाच उपायाचे जे भक्त असतात त्यांच्यासाठीही ईरीकडे एक कहाणी आहे. मॉमीच्या खोऱ्यात माती वाहू नये म्हणून शेतकऱ्यांनी नांगरट सोडली. चांगलंच केलं, मातीबरोबर जाणारा स्फुरद घटला. पण नांगरट नाही म्हटल्यावर वरून फेकलेलं खत वरच्या बोटभर थरात साठत गेलं आणि जमिनीखाली टाकलेल्या निचऱ्याच्या नळ्यांमधून विरघळून थेट ओढ्याला जायला लागलं. विरघळलेला स्फुरद शेवाळाला लगेच खाता येतो. म्हणजे एक दार लावलं आणि दुसरं उघडं राहिलं. आपल्याकडे बिना-नांगरणीचा आणि ठिबकचा प्रचार करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. ठिबकमधून विद्राव्य खत हप्त्याहप्त्यानं मुळाशी दिलं तर उत्तमच. पण ठिबक अंथरूनही पहिला डोस फेकून देणारे आणि वर पाटानं एक पाणी सोडणारे मी रोज बघतो.

राहिला पैशाचा मुद्दा. कृषी मेळाव्यात सांगतात, शेतकरी बंधूंनो, खत वाचवा, पैसा वाचेल. गोणीचा दर १३५० रुपये धरला तर दोन कोटी ८५ लाख लिटर पाणी बिघडवणाऱ्या त्या एका किलो स्फुरदाची किंमत होते १३५ रुपये. त्यासाठी कोण दोन मजूर लावून पहार मारेल? युरियाचं तर विचारूच नका, ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. आपल्या शेतीत खत वाया घालवणं मजुरीपेक्षा स्वस्त आहे, हा सगळा घोटाळा आहे. पैसा वाचण्याचं आमिष दाखवून हे काम होणार नाही. कुणाला तरी त्याचे पैसे द्यावे लागतील.

न्यूयॉर्क शहरानं ते दिले. शहराचं बहुतेक पाणी कॅट्सकिलच्या डोंगरातल्या धरणांतून येतं. १९९०च्या दशकात शहरापुढे दोन रस्ते होते: अब्जावधी डॉलरचं गाळण केंद्र बांधा, किंवा वरच्या खोऱ्याची राखण करा. शहरानं दुसरा निवडला आणि गोठ्यांची शेणसाठवण, ओढ्याकाठचं कुंपण, झाडांच्या पट्ट्या यांचा खर्च शेतकऱ्यांना दिला. तिथं शहर खाली आणि शेतकरी वर होते, म्हणून हिशोब सरळ होता. आपल्याकडे पुणे वर आहे. आपण मधे आहोत आणि पिणारं सोलापूर खाली आहे. पुण्याला उजनीचं पाणी प्यायचं नाही, त्यामुळे त्याला घाई नाही. आणि सोलापूरकरांना अनेक दिवसांआड पाणी मिळतं. जे येतं त्याचा रंग बघायलाही त्यांना सवड नाही. पैसे मागायचे तर पुण्याकडे मागा, हे मला पूर्ण मान्य आहे. पण मागायला जाणाऱ्याच्या हातात काहीतरी लागतं. आमच्या काठच्या ओढ्यांचं पाणी पावसाळ्यात दर आठवड्याला तपासलेलं एक वहीभर रेकॉर्ड जरी असतं, तरी ‘हा तुमचा, हा आमचा’ असं ठणकावून सांगता आलं असतं. आज आमच्याकडे पारावरचं एक वाक्य आहे. मृदा आरोग्य पत्रिका २०१५ पासून मिळतात, त्या बहुतेक घरांत रेशनकार्डाच्या पिशवीत आहेत आणि गोण्या शेजाऱ्यानं किती टाकल्या त्यावर ठरतात.

गेल्या जूनमध्ये मी ओढ्याकडच्या दोन सऱ्या सोडून दिल्या. तिथं मारवेल लावला. शेजारचे चुलते बांधावर उभं राहून बघत होते. म्हणाले, “पुण्यानं काय सोडलं रं?”

मी म्हणालो, “काही नाही, अण्णा.”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग विचारलं, “म्हशीला चालतंय का हे गवत?”

चालतं म्हटलं. दिवाळीच्या आत त्यांनी दोन भारे कापून नेले, न विचारता.